नाव आणि नाममुद्रा

नांदेड येथे गोदावरीच्या तीराजवळ सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांचे महत्त्वाचे तीर्थस्थान आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह ह्यांनी १७०८ साली ह्याच नगरीत देह ठेवला. आपल्यामागे कोणी व्यक्ती गुरुपदावर बसणार नाही, ग्रंथ हाच गुरू मानावा, अशी आज्ञा त्यांनी जाण्यापूर्वी दिली, असे शीख परंपरा मानते. तेव्हापासून त्या ग्रंथाला 'गुरू ग्रंथ साहिब' असे आदराने म्हणतात.

तेथे कीर्तन चालू असताना एखादा मराठी यात्रेकरू मध्येच कान टवकारतो. भाषा अनोळखी, चाल अनोळखी. पण शब्द येतो तो 'बीठल'! हा तर आपला विठ्ठल. पुढच्याच पदात राम येतो, मग हरी, मग अल्ला, मग निरंकार. प्रत्येक पदाच्या अखेरीस कोणाचे तरी नावही ऐकू येते. कधी नानक, कधी कबीर, कधी फरीद, तर कधी चक्क नामदेव. यात्रेकरूच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. इतक्या नावांनी हाक मारली जाते तो देव कोणता? आणि ही हाक मारणारा नेमका कोण?

हे दोन प्रश्न शीख अभ्यासकांनाही नवे नाहीत. शेकडो वर्षे ते त्यांची उकल करीत आले आहेत.

पाचवे गुरू अर्जुनदेव ह्यांनी १६०४ साली अमृतसर येथे हा ग्रंथ सिद्ध केला. ते सांगत आणि भाई गुरदास लिहून घेत. पहिल्या गुरूंपासून चालत आलेली पदे वह्यांतून व भक्तांच्या मुखातून गोळा करावयाची, पारखावयाची आणि रागांनुसार लावावयाची, असे ते मोठे खटाटोपाचे काम होते. ते हाती घेण्यास एक निकडीचे कारणही होते. गुरूंच्या आप्तांपैकीच काही जण 'नानक' ह्या नावाने स्वतःची पदे रचून लोकांत पसरवू लागले होते. खरे नाणे कोणते आणि खोटे कोणते, हे भोळ्या श्रोत्याने ओळखावे कसे? म्हणून एक अधिकृत प्रत आवश्यक झाली. आज छापल्या जाणाऱ्या प्रमाण प्रतीची पृष्ठे १४३० आहेत. जगात कोठेही छापली, तरी अमुक पद अमुक पृष्ठावरच सापडते.

परंतु खोट्या पदांचा धोका 'नानक' ह्या नावामुळेच का उद्भवला, हे समजण्यासाठी नाममुद्रा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मराठी मुलांना ती चांगली परिचयाची आहे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' आले की हा अभंग तुकोबांचा, हे कोणी सांगावे लागत नाही. 'एका जनार्दनी' म्हटले की एकनाथ आठवतात. तेथे तर शिष्याच्या नावाशेजारी गुरूचेही नाव उभे आहे. शिखांच्या गुरूंनी ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी स्वतःचे नाव गाळूनच टाकले. गुरू अंगद, गुरू अमरदास, गुरू रामदास, गुरू अर्जुनदेव, गुरू तेगबहादुर ह्या पाचही जणांनी आपल्या पदांच्या शेवटी नाव घातले ते 'नानक' असेच. शरीरे निराळी, पण त्यांत तेवणारी ज्योत एकच, ही त्यामागची श्रद्धा. एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर उजेड कोणाचा म्हणावयाचा?

ही भावना थोर खरीच. पण तिने वाचकाची अडचण होते. सहा जणांची रचना एकाच नावाने ओळखली गेली, तर कोणाचे म्हणणे कोणते हे कळणार कसे? गुरू अर्जुनदेवांनी ह्यावर सोपा आणि अचूक तोडगा काढला. प्रत्येक रचनेच्या शिरोभागी त्यांनी 'महला' हा शब्द आणि त्यापुढे आकडा घातला. महला १ म्हणजे गुरू नानक, महला २ म्हणजे गुरू अंगद, ह्याप्रमाणे. गंमत अशी की, 'महला १' हे शीख मंडळी 'महला पहिला' असे वाचतात. पंजाबीतला हा 'पहिला' आणि मराठीतला 'पहिला' ही सख्खी भावंडेच होत.

महला ५ नंतर एकदम महला ९ येतो, तेव्हा नवा वाचक गोंधळतो. पाने गळाली की काय, असे त्याला वाटते. तसे काही नाही. सहाव्या, सातव्या आणि आठव्या गुरूंची पदे ग्रंथात नाहीतच. नवव्या गुरूंची, म्हणजे तेगबहादुरांची पदे मात्र त्यात मागाहून समाविष्ट झाली. नाममुद्रेने सर्वांना एक केले, आकड्याने प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द परत दिला.

आकड्याकडे दुर्लक्ष केले तर कसा घोटाळा होतो, ह्याचे एक सुंदर उदाहरण ग्रंथातच आहे. शेख फरीद हे तेराव्या शतकात होऊन गेलेले सूफी संत. त्यांचे गाव पाकपट्टन आज पाकिस्तानात आहे. त्यांचे श्लोक ग्रंथात घेतलेले आहेत. एका श्लोकात फरीद म्हणतात की, मी अंगावरचे रेशमी वस्त्र टरकावून चिंध्या करीन, घोंगडी पांघरीन. ज्या वेषाने माझा स्वामी भेटेल तो वेष मी घेईन. केवढी ही तळमळ! पण लगेच पुढच्या श्लोकात कोणी तरी त्यांना शांतपणे विचारतो, "रेशमी वस्त्र फाडतेस कशाला, घोंगडी पांघरतेस कशाला? मन स्वच्छ असेल तर घरी बसूनही स्वामी भेटतो." ह्या श्लोकात नाव आहे नानकाचे. म्हणून घाईने वाचणारा म्हणेल, फरीदांना गुरू नानकांनी उत्तर दिले. वर पाहावे, तर तेथे 'महला ३' असा स्पष्ट निर्देश आहे. उत्तर देणारे आहेत तिसरे गुरू अमरदास, आणि ते देत आहेत फरीदांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. गुरू अर्जुनदेवांनी दोघांना शेजारी बसविले आणि संवाद घडवून आणला. फरीदांचा श्लोक गाळून टाकणे काही अवघड नव्हते. तो तसाच ठेवून त्याच्यालगत उत्तर ठेवणे, ह्यात संपादकाचे खरे औदार्य आहे.

सूरदासांच्या बाबतीत तर कोडे याहून गुंतागुंतीचे आहे. त्यांच्या नावावर ग्रंथात अवघी एक ओळ आहे. देवाकडे पाठ फिरविणाऱ्यांची संगत सोड, असे त्या ओळीत ते मनाला बजावतात. त्याखाली एक संपूर्ण पद येते. त्याचे शीर्षक 'महला ५ सूरदास' असे दुहेरी आहे आणि पदाच्या अखेरीस नाममुद्रा आहे ती सूरदासांची! मग पद कोणाचे? शीर्षकातील 'महला ५' वरून जाणते अभ्यासक ते गुरू अर्जुनदेवांचेच मानतात. सूरदासांनी कोणाची संगत सोडावी ते सांगितले. हरीच्या सान्निध्यात राहणारे लोक कसे असतात, ते गुरूंनी त्यांनाच उद्देशून सांगितले. पत्रावर ज्याला लिहिले त्याचे नाव असते, तसे ते नाव तेथे आले आहे.

गुरुवाणीच्या लेखनातच आणखी एक खूण दडलेली आहे, आणि ती व्याकरणाच्या तासाला विभक्तीचा कंटाळा करणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. 'नानक' हे नाव ग्रंथात तीन प्रकारे लिहिलेले आढळते : नुसते 'नानक', शेवटी ऱ्हस्व उकार देऊन 'नानकु' आणि शेवटी ऱ्हस्व इकार देऊन 'नानकि'. पठण करताना हे शेवटचे उकार-इकार बहुधा ऐकू येत नाहीत, म्हणून पुष्कळांना ते निरुपयोगी वाटत. वस्तुतः 'नानकु' ही प्रथमा आहे. नानक बोलतो, नानक सांगतो. 'नानकि' म्हणजे नानकाने, आणि नुसते 'नानक' हे पुष्कळदा संबोधन असते. हे नानका, असे. एवढ्याशा उकाराने बोलणारा आणि ऐकणारा ह्यांची अदलाबदल होते! ह्या नियमांची शास्त्रशुद्ध मांडणी विसाव्या शतकात प्राध्यापक साहिबसिंह ह्यांनी केली आणि त्यांच्याच आधारे संपूर्ण ग्रंथावर विस्तृत टीका लिहिली. मराठी वाचकाला ह्यात परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीतही 'देवु', 'ईश्वरु' अशी प्रथमेची रूपे होतीच.

त्यातच जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे करून लिहिण्याची रीत नव्हती. मोडी लिपीतील कागद पाहिलेल्यांना ह्याची कल्पना येईल. सलग ओळीत एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे. असे ठरविताना अर्थाचा विचार आलाच.

आता दुसरा प्रश्न. ज्याला ही हाक आहे तो कोण?

ग्रंथाचा आरंभ अक्षराने होत नाही, आकड्याने होतो. प्रथम '१' हा अंक आणि त्याला जोडून ओंकार. हे चिन्ह 'इक ओंकार' असे वाचतात. पुढे कितीही नावे आली तरी ती एकाचीच आहेत, हे दाराशीच सांगून ठेवले आहे. त्यानंतर मात्र नावांचा पाऊस पडतो. राम, हरी, गोविंद, माधव, मुरारी, दामोदर ही वैष्णवांची नावे. अल्ला, खुदा, रहीम, करीम ही मुसलमानांची. निरंजन, अलख ही नाथयोग्यांच्या तोंडची. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो, अकाल म्हणजे ज्याला काळ ग्रासत नाही तो, करतार म्हणजे घडविणारा. शिवाय पिता, माता, मित्र, ठाकूर अशी घरगुती नावेही आहेतच. हरी हे नाव तर पानोपानी भेटते.

मग 'राम' म्हणजे दशरथाचा पुत्र काय? येथे संदर्भ पाहूनच उत्तर द्यावे लागते. गुरू नानकांच्या एका श्लोकात सीता आणि लक्ष्मण ह्यांच्यासाठी मनात झुरणारा रामचंद्र येतो. तो कथेतील अयोध्येचा राजपुत्र, ह्यात शंका नाही. परंतु जेथे रामाचे नाव घे, रामात चित्त ठेव, असा उपदेश येतो, तेथे सर्व चराचरात रमून राहिलेला तो राम, असा अर्थ शीख टीकाकार करतात. शब्द एक, अर्थ दोन. आणि दोन्ही एकाच ग्रंथात. जो वाचक एकच अर्थ सगळीकडे लावील, त्याची फसगत ठरलेली.

गुरू अर्जुनदेवांनी एका पदात ही गोष्ट अगदी सरळ मांडली आहे. कोणी त्याला राम म्हणतो, कोणी खुदा म्हणतो. कोणी गोसावी मानून भजतो, कोणी अल्ला मानून. त्याची आज्ञा ज्याने ओळखली त्याला त्याचे रहस्य कळले, असा त्या पदाचा भावार्थ आहे. हे शब्द वाचताना काळ ध्यानात ठेवावा. नावावरून माणसे एकमेकांना परकी ठरवीत होती. हे लिहिणाऱ्या गुरूंना पुढे १६०६ साली लाहोर येथे बादशाही कैदेत प्राण द्यावे लागले.

दुसऱ्या एका दीर्घ रचनेत त्यांनी विष्णूची अनेक पुराणप्रसिद्ध नावे प्रेमाने ओवली आहेत. आणि शेवटी एक वेगळाच विचार सांगितला आहे. जीभ उच्चारते ती सारी 'किरतम' नावे, म्हणजे कृत्रिम, देवाच्या करणीवरून माणसांनी पाडलेली. 'सतनाम' हे मात्र त्याचे मूळचे, सर्वांच्या आधीचे नाव. सत म्हणजे जो आहे तो. गोवर्धन उचलला म्हणून गिरिधर, मधू दैत्याला मारले म्हणून मधुसूदन. परंतु गोवर्धन नव्हता, मधू नव्हता, तेव्हाही तो होताच. त्या असण्याचे नाव सत. पाडलेली नावे खोटी, असे मात्र गुरू म्हणत नाहीत. त्यांनी स्वतःच ती जन्मभर गाइली आहेत.

आज शिखांच्या तोंडी सर्वाधिक असलेले नाव 'वाहेगुरू'. ते ग्रंथात भाटांच्या सवैयांत, गुरू रामदासांच्या स्तुतीत आढळते. त्याचा अर्थ लावण्याच्या दोन रीती आहेत. ग्रंथ लिहून घेणारे भाई गुरदास ह्यांनी त्याची चार अक्षरे चार युगांतील चार नावांशी जोडली : वासुदेव, हरी, गोविंद आणि राम. दुसरी रीत साधी आहे. 'वाह' हा आश्चर्याचा उद्गार आणि पुढे 'गुरू'. सृष्टी पाहून तोंडून 'वाहवा' निघावी, तसे हे नाव. पहिली रीत विद्वत्तेची खरी; पण लहान मुलाला विचारले तर ते दुसरीच पसंत करील, आणि त्यात त्याचे चुकले असे म्हणता यावयाचे नाही.

आता पुन्हा त्या 'बीठल' शब्दाकडे येऊ. पंढरपूरला विटेवर कटीवर हात ठेवून उभी असलेली मूर्ती मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते. साहिबसिंहांसारखे टीकाकार मात्र ह्या शब्दाची फोड 'वि' आणि 'स्थल' अशी करतात. मायेच्या स्थळापासून दूर असलेला तो बीठल. महाराष्ट्रातील वाचकाला ही फोड ओढूनताणून आणलेली वाटेल. नामदेव महाराष्ट्रातले, त्यांनी पंढरपूरचेच नाव बरोबर नेले, हे उघड आहे. तथापि नामदेव त्या नावाने काय सांगतात, तेही ऐकले पाहिजे. इकडे विठ्ठल, तिकडे विठ्ठल, विठ्ठलावाचून संसारच नाही, असा त्यांच्या एका पदाचा आशय आहे. म्हणजे वीट सोडून विठ्ठल सर्वत्र भरला आहे. दुसऱ्या पदात तेच नामदेव करीम, रहीम, अल्ला अशी हाक घालतात. आणि हे नाव केवळ त्यांच्यापुरते राहिले नाही. स्वतः गुरू अर्जुनदेवांनी आपल्या पदात दयाळू 'बीठल' असा त्याचा उपयोग केला आहे.

नामदेवांची ६१ पदे ग्रंथात आहेत. ही पदे रचणारे नामदेव आणि मराठी अभंगांचे नामदेव एकच काय, अशी शंका काही संशोधकांनी घेतली. बहुतेक अभ्यासक दोघे एकच मानतात आणि त्यास आधारही आहे. काही पदांत मराठी वळणाची रूपे आढळतात. देवळातून हाकलले गेल्यावर नामदेव मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा ग्रंथातील पदात आहे; मराठी परंपरा तीच कथा औंढ्या नागनाथाच्या देवळासंबंधी सांगते. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान ह्या गावी नामदेवांचे अखेरचे दिवस गेले, असे तेथील लोक मानतात. मराठी परंपरा त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीशी दाखविते. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्याच घुमान गावी भरले.

एवढा एक फरक मात्र राहतो. महाराष्ट्रात नामदेव शिंपी, तर ग्रंथात ते स्वतःला 'छीपा' म्हणवितात. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटविणारा.

ह्याच धंद्यावरून ग्रंथात एक छोटासा संवाद आहे. तो सापडतो कबीरांच्या श्लोकांत. पण बोलणारे आहेत त्रिलोचन आणि नामदेव. त्रिलोचन हे नामदेवांचे मित्र, त्यांचीही पदे ग्रंथात आहेत. मित्र काम करीत बसलेला पाहून त्रिलोचनाला राहवत नाही. तो म्हणतो, "नामदेवा, तू मायेला भुललास. कापड छापीत काय बसला आहेस? रामाकडे चित्त का लावीत नाहीस?" नामदेव उत्तर देतात, "त्रिलोचना, मुखाने रामाचे नाव घे. हातापायांनी सगळे काम कर, आणि चित्त निरंजनाजवळ असू दे."

एकाच उत्तरात राम आणि निरंजन ही दोन नावे आली आहेत, एक वैष्णवांचे, एक योग्यांचे. त्रिलोचनाने त्यांवरून वाद घातल्याचे ग्रंथात कोठे लिहिलेले नाही. नामदेवांनी हातातला ठसा खाली ठेवल्याचेही लिहिलेले नाही.